मूठ हे शस्त्र आहे का?

(नेकनूर येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

दिवाळीला नातू पुण्याहून आला तो घुश्शातच. म्हटलं, काय झालं रे? तर म्हणे, "आजोबा, माझं पात्र मेलं, आणि तेही नियमाचा चुकीचा अर्थ लावून."

तो मित्रांबरोबर डन्जन्स अँड ड्रॅगन्स खेळतो. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ १९७४ साली अमेरिकेत निघाला. टेबलाभोवती बसायचं. एकाने गोष्ट चालवायची, त्याला डन्जन मास्टर म्हणतात. बाकीच्यांनी एकेक पात्र घ्यायचं आणि फासे टाकायचे.

नातवाचं पात्र 'मंक', म्हणजे रिकाम्या हातांनी लढणारा साधू. समोर आला वेअरवुल्फ, लांडगा होणारा माणूस. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत त्याला साध्या घावाने इजाच होत नाही. घाव जादूचा हवा, नाहीतर शस्त्राला चांदी चढवलेली हवी. सोबत्याला 'मॅजिक वेपन' नावाचा मंत्र येत होता. साध्या शस्त्राला हात लावायचा, की ते जास्तीत जास्त तासभर जादूचं होतं. सोबत्याने हात लावला तो नातवाच्या मुठीला. डन्जन मास्टर म्हणाला, चालणार नाही, मूठ हे शस्त्र नव्हे.

नातवाचा युक्तिवाद ऐका. पुस्तकातच मुठीच्या हल्ल्याला 'मेली वेपन अटॅक' म्हटलंय. नावात वेपन आहे, मग मूठ वेपन का नाही?

मी पुस्तक मागवून वाचलं. अहो, आयुष्यभर दुसरं केलं काय! आपल्याकडे वाक्याचा अर्थ लावण्याचं अख्खं शास्त्र आहे, मीमांसा. जैमिनींनी तिसऱ्या अध्यायात सहा प्रमाणं उतरत्या क्रमाने लावली आहेत: श्रुति, लिंग, वाक्य, प्रकरण, स्थान, समाख्या. दोघांत विरोध आला तर आधीचं बलवान. श्रुति म्हणजे थेट विधान. समाख्या म्हणजे नुसतं नाव. शबरस्वामींच्या भाष्यातलं उदाहरण प्रसिद्ध आहे. ऋचेचा अर्थ इंद्राकडे बोट दाखवतो, पण विधान स्पष्ट आहे की तिने गार्हपत्य अग्नीची उपासना करावी. मग उपासना अग्नीचीच होते.

आता हे मुठीला लावून बघा. 'वेपन अटॅक' ही झाली समाख्या, सगळ्यात दुबळी. आणि थेट विधान? पहिल्या छपाईत हा नि:शस्त्र प्रहार शस्त्रांच्या तक्त्यातच होता. शुद्धिपत्रकाने तो तिथून काढला, आणि ठोसा, लाथ, डोक्याची धडक ही शस्त्रं धरू नयेत असं लिहिलं. ही श्रुति. म्हणजे नातू हरला. मात्र पुस्तकही निर्दोष नाही. जे शस्त्र नाही त्याच्या हल्ल्याच्या नावात शस्त्र हा शब्द ठेवायचा, आणि वाचणारा चकला की त्यालाच दोष द्यायचा!

बंकटस्वामींच्या या गावात कीर्तन ऐकत वाढलेल्यांना पुढची गोष्ट माझ्या आधी आठवली असेल. हिरण्यकशिपूचा वर: ना आत ना बाहेर, ना दिवसा ना रात्री, ना माणसाकडून ना पशूकडून, ना शस्त्राने. नृसिंहाने काय वापरलं? नखं. नख शस्त्र धरलं असतं, तर वर आडवा आला असता आणि प्रल्हाद वाचला नसता. म्हणजे ज्या वाचनाने नातवाचा मंक मेला, त्याच वाचनाने तिथे प्रल्हाद वाचला.

कोणी म्हणेल, सर, ही तर पळवाट. मला तसं वाटत नाही. शब्दाचा एक अर्थ स्वतःसाठी आणि दुसरा समोरच्यासाठी, ती पळवाट. नृसिंहाने वर मोडला नाही की बदलला नाही. संध्याकाळ गाठली, उंबरठा गाठला, एकेक अट पाळली.

हे मी नातवाला सांगितलं. तो जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "पण आजोबा, मागच्या महिन्यात दुसऱ्याच्या मुठीला त्यानेच हा मंत्र चालवू दिला होता."

आता माझा निकाल फिरला. अर्थ बरोबर, पण न्याय चुकला. नियम बदलायचा अधिकार त्या खेळात डन्जन मास्टरला आहे, पुस्तकच तो देतं. मुठीला मंत्र चालू दिला असता तर खेळ काही बुडत नव्हता. पण बदलायचं तर 'मी बदलतोय' असं सांगून, फासा पडायच्या आधी आणि सगळ्यांसाठी. एकासाठी गुपचूप नियम बदलायचा आणि दुसऱ्याला पुस्तक उघडून दाखवायचं, याला अर्थ लावणं म्हणत नाहीत. ती मनमानी, आणि पुस्तक तिच्यावरचं पांघरूण.

ज्याच्या हातात पुस्तक आहे असा माणूस फक्त खेळाच्या टेबलावरच भेटतो असं नाही. कचेरीत भेटतो, परीक्षेच्या हॉलमध्ये भेटतो, घरातही भेटतो. तो नियम दाखवील तेव्हा दोनच गोष्टी विचारा. थेट विधान कुठे आहे? आणि काल दुसऱ्याला काय सांगितलं होतं?

नातवाने दुसरा प्रश्न मित्राला फोनवर विचारला. उत्तर अजून आलेलं नाही. तोवर तुमचे प्रश्न घेऊ.