धुक्यातली बढत

डिसेंबरात पुण्याच्या लोहगाव विमानतळावर विमाने धुक्याने खोळंबली, की प्रवाशांची चिडचिड सुरू होते. वैमानिकाची अडचण वेगळी. ढगात विमान एकाच गतीने वळत राहिले, तर वीसेक सेकंदांत आतल्या कानाला ते सरळच चालल्यासारखे वाटते. वळण थांबवावे, तर उलट्या बाजूला वळल्याचा भास होतो. क्षितिज दिसत नसताना हा भास खोडायला फक्त काटे उरतात, आणि डोळे दोनच.

कानाचा तोल फसतो, ऐकणे फसत नाही. मार्कर बीकन रचणाऱ्यांनी नेमके तेच कामाला लावले. उतरण्याच्या वाटेवर जमिनीवरून सरळ वर सोडलेला रेडिओचा झोत; विमान त्यावरून जाईल तेवढाच वेळ सूर ऐकू येतो. पहिला ४०० हर्ट्झचा, सेकंदाला दोन संथ डॅश, सोबत निळा दिवा. दुसरा १३०० हर्ट्झचा, डॉट-डॅश आलटून पालटून, दिवा पिवळा. तिसरा ३००० हर्ट्झचा, सेकंदाला सहा डॉट, दिवा पांढरा. मंद्राकडून तारेकडे, विलंबिताकडून द्रुताकडे! सवाई गंधर्व महोत्सवात रात्री काढलेल्या पुणेकराला ही बढत समजावायला नको. जमीन जवळ येतेय हे आकडा न वाचताच कळते.

मला सर्वात भावतो मधला सूर. तो वाजतो तेव्हा विमान साधारण २०० फुटांवर असते. धावपट्टीचे दिवे दिसले तर उतरायचे, नाहीतर पुन्हा वर. आणि लयही तशीच, एक लांब, एक आखूड, कुठेच न ठरलेली. योगायोग असेल, पण काय योगायोग!

मात्र हे सूर धावपट्टीच्या वाटेपुरतेच. ७ जुलै १९६२च्या मध्यरात्री मुंबईला निघालेले अलितालियाचे डीसी-८ वेळेआधीच खाली आले आणि जुन्नरजवळच्या डोंगरावर आदळले. ९४ जण गेले. पुढे डॉन बेटमन या अभियंत्याच्या यंत्राने जमिनीचा इशारा विमानातच आणला: ‘पुल अप!’ रचना म्हणून ती नुसती आरोळी आहे. तिने वाचवलेले जीव पाहता तक्रार करवत नाही.

मार्कर आता अनेक ठिकाणी बंद होत आहेत. अंतर पुन्हा पडद्यावरच्या आकड्यांत गेले. सुरांवर भिस्त ठेवणारा एक खेळ मात्र आहे, ग्लायडिंगचा. त्यातला ऑडिओ व्हेरिओमीटर वर नेणाऱ्या हवेत भराभर टिपटिपतो, खाली ओढणाऱ्या हवेत खर्जात घुमतो, आणि वैमानिकाची नजर आजूबाजूचे ग्लायडर शोधायला मोकळी राहते.