कोरी चौकट

२८ जून १९७५ ला ‘इंडियन एक्स्प्रेस’नं अग्रलेखाची जागा कोरी सोडली. त्या चौकटीचं कौतुक अजून संपत नाही. असू द्या, हिंमत होतीच. पण दोस्तांनो, २९ सप्टेंबर २००६ ला खैरलांजीत एका दलित कुटुंबातली चार माणसं मारली, तेव्हा कुठला सेन्सॉर होता? माहितीच्या अधिकाराला वर्ष होत आलं होतं. तीनच दिवसांनी शेजारच्या नागपुरात धम्मदीक्षेच्या पन्नाशीला लाखो माणसं जमली. तरी मोठ्या पेपरांना खैरलांजी दिसायला महिना लागला. आधी छापलं तेही ‘अनैतिक संबंधातून खून’ म्हणून. पोरं रस्त्यावर उतरली, तर गृहमंत्र्यांना नक्षलवादी दिसले! माझं म्हणणं एवढंच, त्या ऑक्टोबरचे अंक वाचनालयातून काढा आणि ती जागा कशानं भरलीय ते बघा.