खडूतली एक ओळ आणि तिचं यतिस्थान

नागपूरच्या महालात, गांधीगेटच्या आतल्या एका गल्लीत, गॅरेजच्या निळ्या शटरवर खडूने लिहिलेली ओळ पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला ती उधारीची वाटली. शेजारी उधारीचेच दोन आकडे होते.

१०० × ०.५ ÷ (४ × ०.८)

निघाली ती इंजेक्टरची. इंजिनाला जेवढी ताकद द्यायची, तेवढीला पुरणारं पेट्रोल सोडायला इंजेक्टर केवढा हवा, याचं हे गणित. मला ते एकेक पद सोडवत वाचावंसं वाटतं, कारण भरतीचं पद त्यात एकही नाही.

१०० म्हणजे हवी असलेली अश्वशक्ती. आज आहे ती नव्हे, मालकाच्या डोक्यात आहे ती. ०.५ म्हणजे एक अश्वशक्ती तासभर टिकवायला लागणारं पेट्रोल, पौंडांत. ४ हे चार सिलिंडरचे चार इंजेक्टर. ०.८ नंतरसाठी राखून ठेवू. उत्तर येतं ताशी साधारण १५.६ पौंड, म्हणजे मिनिटाला सुमारे १६४ सीसी.

आता त्याच इंजिनाला टर्बो बसवून १३० अश्वशक्ती मागा. पहिलं पद बदललं हे सगळ्यांना दिसतं. पण दुसरंही गुपचूप बदलतं: ०.५चं ०.६ होतं. टर्बो हवा दाबून भरतो, सिलिंडर तापतो, ठोके पडू लागतात; ते थोपवायला जास्तीचं पेट्रोल केवळ गारव्यासाठी द्यावं लागतं. उत्तर जातं २५६ सीसीवर. ताकद तीस टक्क्यांनी वाढली, इंजेक्टर छप्पन्न टक्क्यांनी. या ओळीतला श्लेष हाच: पेट्रोल इथे जाळायलाही आहे आणि विझवायलाही.

आहे त्याच इंजेक्टरवर पंपाचा दाब वाढवून भागवावं, असं कुणालाही सुचेल. पण प्रवाह दाबाच्या वर्गमुळाने वाढतो. तीन बारचा दाब चार बार केला, तर हाती पंधरा-सोळा टक्के लागतात. गरज छप्पन्नची.

आता ०.८. वृत्तात यतिस्थान, म्हणजे थांबायची जागा, असतं तसं हे पद आहे. इंजेक्टरला अर्धं उघडणं माहीत नाही. तो पूर्ण उघडा किंवा पूर्ण बंद, आणि किती वेळ उघडा राहिला हेच त्याचं माप. इंजिन मिनिटाला ६,००० फेरे घेत असताना एका आवर्तनाला, म्हणजे दोन फेऱ्यांना, अवघे २० मिलिसेकंद मिळतात. त्यातले १६ फवारणीचे, ४ सोडून द्यायचे. हे चार वाया गेले असं नवख्याला वाटतं. पण इंजेक्टरच्या आतल्या सुईला बसायला आणि पुन्हा उठायला वेळ लागतो. तेवढाही दिला नाही तर इंजेक्टर उघडाच राहतो, नळासारखा वाहतो, आणि इंजिनाच्या कॉम्प्युटरच्या हातात मोजायला काही उरत नाही. वर, पंप थकला किंवा बॅटरीचा व्होल्ट पडला, तर खर्चायला शिल्लक लागते ती याच चारांतून.

एवढं वाचून ओळीच्या प्रेमात पडायला हरकत नाही. तरी ती एक गोष्ट बोलत नाही, आणि ती महालात राहणाऱ्यालाच आधी कळते. तिचं सगळं लक्ष वर्धा रोडवर आहे, रेस पूर्ण पिळलेली असताना. गाडी गर्दीत उभी आहे, इंजिन ८०० फेऱ्यांवर, असं चित्र तिच्यात नाही. तिथे आवर्तन १५० मिलिसेकंदांचं, आणि फवारा दोन-अडीचचा. त्यातही सुई उठेपर्यंत सुमारे एक मिलिसेकंद कोरडाच जातो. इंजेक्टर छप्पन्न टक्के मोठा केला की उरलेल्या दीडचं काम एकाहून कमी वेळात उरकावं लागतं. इतक्या कमी वेळात सुईचं माप चुकायला लागतं. एसी लावला, रेडिएटरचा पंखा फिरला, व्होल्ट खाली आला, की कोरडा वेळ आणखी लांबतो. मग गाडी उभ्या जागी खालीवर होते, प्लग काळे पडतात, आणि मालक म्हणतो, एवढा पैसा ओतला तरी मिसिंग कसं?

इंजेक्टर म्हणजेच ताकद, हा समज जुनाच. बजाजची पल्सर २२० सन २००७मध्ये इंजेक्शनसह आली, २० पीएसची. २००९मध्ये कंपनीने इंजेक्शन काढून कार्ब्युरेटर बसवला, तर गाडी २१ पीएसवर गेली. श्वास किती घेता येतो त्यावर ताकद ठरते; इंजेक्टर फक्त त्या श्वासाला पुरेल एवढं पेट्रोल वाढतो. नागपूरच्या मे महिन्यात, पंचेचाळीस अंशांवर, पंधरा अंशांच्या मानाने हवाच नऊ-दहा टक्के विरळ. मग पेट्रोलही तेवढंच कमी.

ओळ पाहिली त्या दिवशी गॅरेजात एक तरुण चारशे सीसीचे इंजेक्टर मागत होता. मिस्त्रींनी विचारलं, “चालवतो कुठं बे तू गाडी?” तो म्हणाला, रोज ऑफिस, सुट्टीला हायवे. त्यांनी शटरवरच्या ओळीतलं १०० पुसून १३० केलं, ०.५चं ०.६ केलं, उत्तर काढलं आणि पोराला गाडीत बसवून एसी फुल करायला लावला. मग दोघं बडकस चौकाकडे निघाले, संध्याकाळच्या गर्दीत, फेऱ्यांचा काटा उभ्या जागी किती हलतो ते पाहायला.