करवतीचा काठ कपाटाबाहेर काढा

सिहोऱ्याच्या बाजूने तुमसर ओलांडून मोहाडी तालुक्यात शिरले, की आंधळगाव लागते. कोसा आणि करवतकाठीचे नाव निघाले की भंडारा जिल्ह्यात ज्या गावांची आठवण होते, त्यांतले हे एक. ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर ढिवर समाजाने अळ्या पाळायच्या, कोषातून सूत निघायचे आणि कोष्ट्यांनी ते मागावर चढवायचे, अशी ही जुनी साखळी. करवतकाठीला भौगोलिक मानांकन आहे, कौतुकही उदंड आहे. पण हे कापड राहते कुठे? लग्नाच्या बस्त्यात, प्रदर्शनात, नाहीतर कपाटात डांबराच्या गोळ्यांसोबत.

करवतकाठी साडी जवळून पाहावी. अंग टसरचे म्हणजे कोशाचे, मधाच्या रंगाचे, किंचित खरखरीत, काठ सुती. अंगाचा एक आणि दोन काठांचे दोन असे तीन धोटे चालतात. अंगाचे आणि काठाचे सूत एकमेकांत अडकत जाते, तेव्हा करवतीचे दाते उमटतात. टसर रंग धरायला कटकट करते, स्वतःचा मूळ रंग सहसा सोडत नाही. खुलून दिसतो तो सुती काठावरचा लाल. म्हणजे या साडीची रंगाची बाजू सुताने सांभाळली आहे, आणि नेमके हेच आपण विसरतो.

सुती कापड रोजच्या वापरात कसे राहते, यासाठी जपानकडे पाहावे. तिथे नागोयाजवळ आरिमात्सू नावाचे गाव आहे. ते १६०८ मध्ये वसले आणि गाठी बांधून रंगवलेल्या सुती कापडावर नावारूपाला आले. तोकाइदो रस्त्याने जाणारे वाटसरू तिथले ‘तेनुगुई’ विकत घेत. हे साधारण ३५ सेंटिमीटर रुंद आणि ९० सेंटिमीटर लांबीचे, हातपाय पुसायचे, डोक्याला गुंडाळायचे फडके. आपल्या पंच्याचे धाकटे भावंडच. दारावरचा ‘नोरेन’ हा पडदा आणि सामान बांधायचा ‘फुरोशिकी’ हा रुमालही याच गोतावळ्यातला. पुढे १९७४ मध्ये जपानात पारंपरिक हस्तकलांसाठी कायदा झाला. वस्तू मुख्यतः रोजच्या जगण्यात वापरली जाणारी हवी, ही त्याची एक अट आहे. कलेला देव्हाऱ्यात बसवायचे नाही, हे तिथे कागदावर लिहून ठेवले आहे.

तिथेही सगळे आलबेल नाही. यंत्रावर छापलेले स्वस्त फुरोशिकी ढिगाने विकले जातात आणि हाताने रंगवणारे कारागीर म्हातारे होत आहेत. तरी फडके घरात वापरात आहे, हा फरक मोठा.

आपल्याकडे कोशाच्या घरगुती वस्तू म्हणजे बहुधा उरलेल्या तुकड्यांची पर्स, फाइलचे कव्हर, उशीचा अभ्रा. कापड चांगले, विचार आळशी. काठ मध्येच कापला की करवतीचे दाते कुठल्या कुठे जातात, आणि महागड्या टसरचा अभ्रा रोज धुवायची हिंमत कोण करणार? घरगुती कापडाला घामाची आणि साबणाची सवय हवी. सोलापुरी चादर म्हणूनच घराघरांत पोचली. आपल्या आज्यांनी जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवल्या, त्याही सुती लुगड्यांच्याच.

तेव्हा टसर साडीलाच राहू द्यावे आणि करवतीचा काठ सुती अंगावर विणावा. दाराचा पडदा, पलंगपोस, पंचा यांना तो शोभेल, आणि काठ न कापता वस्तूची रुंदी मागावरच ठरवता येईल. नागपूरचे महाराष्ट्र राज्य हातमाग महामंडळ चादरी आणि टॉवेलही विकते. त्याच्या दुकानात करवतकाठी सुती पडद्यांचे एक थान ठेवून बघायला काय हरकत आहे?