हिरवा स्फटिक आणि फॉस्फेटची चिठ्ठी

शाळेतील खनिजांच्या पेटीत पाचव्या कप्प्यात ॲपेटाइट असते. फ्रीडरिश मोस यांनी 1812 साली मांडलेल्या कठिनतेच्या मापक्रमातले ते पाचवे खनिज. कॅल्शियमचे हे फॉस्फेट जगात दुर्मिळ नाही. पण छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) परिसरात हातात धरता येईल एवढा त्याचा स्फटिक मिळाला, तर ते नवलच ठरेल. तरीही खडीच्या खाणीतून किंवा विहिरीच्या खोदाईतून आलेल्या फिकट हिरव्या स्फटिकावर ‘ॲपेटाइट’ अशी चिठ्ठी सहज लागू शकते. दोष तो आणणाऱ्या विद्यार्थ्याचा नाही, आपण त्याच्या हाती दिलेल्या तक्त्याचा आहे.

रंग, कस, चमक, कठिनता हे या तक्त्याचे नेहमीचे रकाने. रंग हिरवा, कस पांढरा, चमक काचेसारखी, कठिनता पाचच्या आसपास. चारही रकाने जुळले! पण आपल्या बेसाल्टच्या पोकळ्यांत आढळणारे ॲपोफिलाइटही याच चार रकान्यांत बसते. त्याची कठिनता साडेचार ते पाच असते आणि ते रंगहीन, पांढरे किंवा हिरवे असू शकते. ॲपेटाइट हे नावच मुळी ‘फसवणे’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आलेले आहे. त्याला लोक दुसरेच एखादे खनिज समजत, म्हणून वेर्नर यांनी 1786 मध्ये ते दिले. आपल्याकडे फसवणूक उलट्या दिशेने होते एवढेच.

मोस यांच्या दहा खनिजांपैकी आपल्या काळ्या पाषाणात सहज मिळणारी कोणती? कॅल्साइट आणि क्वॉर्ट्‌झ; फार तर मातीत कोठे जिप्सम. पुष्कराज, कुरुविंद, हिरा यांची येथे वाट पाहण्यात अर्थ नाही. उलट स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, स्कोलेसाइट ही झिओलाइट गटातली खनिजे भरपूर मिळतात, आणि पेटीत त्यांना कप्पाच नाही. ज्या तक्त्यात गावचे खनिज नाही, तो तक्ता परगावचेच नाव सांगणार. बेसाल्टमध्ये फॉस्फरस असतो, पण अत्यल्प, आणि तो बहुतेक सूक्ष्मदर्शकातून दिसणाऱ्या ॲपेटाइटच्या बारीक सुयांत अडकलेला असतो. ‘हे काय आहे?’ याआधी ‘या खडकात काय असू शकते?’ असे विचारण्याची सोय तक्त्यात नाही, हा माझ्या मते त्याचा सर्वांत मोठा दोष.

रसायनशास्त्राचे शिक्षक म्हणतील, मॉलिब्डेटची कसोटी घ्या. नायट्रिक आम्लात पूड विरघळवून अमोनियम मॉलिब्डेट घातले की पिवळा अवक्षेप येतो आणि फॉस्फेट सिद्ध होते. क्षारांच्या परीक्षणात हे ठीक आहे. येथे मात्र घोटाळा होतो. ॲपोफिलाइट आणि अनेक झिओलाइटे आम्लात फुटतात, त्यांतील सिलिका द्रावणात उतरते आणि मॉलिब्डेटबरोबर तीही पिवळा रंग देते. रंगलेले द्रावण आणि तळाशी बसणारा कणीदार पिवळा अवक्षेप या दोहोंतला फरक पाहायला हवा. आर्सेनेटही अधिक तापवल्यास तसाच अवक्षेप देते, म्हणून द्रावण उकळू नये. शेजारी पेटीतल्या ॲपेटाइटची आणि ओळखीच्या झिओलाइटची नळी ठेवल्याशिवाय निकाल देऊ नये. (आम्लाची बाटली खिशात घालून सहलीला निघणे तर नकोच.)

याहून सोपी आणि भरवशाची कसोटी शाळेत आहे, पण ती भौतिकशास्त्राच्या कपाटात! ॲपोफिलाइटचे विशिष्ट गुरुत्व सुमारे 2.35, तर ॲपेटाइटचे 3.1 ते 3.2. समजा, तुकडा हवेत 47 ग्रॅम भरला. पाण्यात बुडवल्यावर वजनात 20 ग्रॅम घट आली, तर भागाकार 2.35 येतो, ॲपेटाइट असते तर घट 15 ग्रॅमच्या आसपास आली असती. हा फरक साध्या तराजूलाही कळतो. मात्र तुकड्याला खडक चिकटलेला नसावा. बेसाल्ट जड असल्याने आकडा फसवा वाढतो. शिवाय भिंगातून पाहावे. ॲपोफिलाइटचा आडवा छेद चौकोनी असतो, एका दिशेने ते सपाट फुटते आणि त्या पाटनावर मोत्यासारखी चमक दिसते. ॲपेटाइट षट्‌कोनी असते व त्याचे पाटन अस्पष्ट असते. ॲपोफिलाइटची कपची तापवली तर तिचे पापुद्रे सुटतात. त्याच्या नावात हीच खूण आहे.

मग दुर्मिळ काही मिळणारच नाही का? मिळू शकते. अमेरिकेतील ओरेगन राज्यात 1967 मध्ये सापडलेले निळे कॅव्हन्साइट पुढे पुण्याजवळ वाघोलीच्या खाणींत अतिशय देखण्या स्वरूपात मिळाले. कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकेट यांवरून त्याला ते नाव पडले. केवळ रंगावर गेलेल्याने त्याला तांब्याचे खनिज ठरवले असते. अशा खनिजाचा निर्णय क्ष-किरण विवर्तनाने आणि रासायनिक विश्लेषणाने होतो, खाणीच्या काठावर नव्हे.

म्हणून सर्व कसोट्या पार करूनही नमुना वेगळाच वाटला, तर चिठ्ठीवर ‘अनिर्णित’ लिहावे. खाली गाव, खाणीची किंवा विहिरीची जागा, खोली, तारीख, सोबतची खनिजे आणि विशिष्ट गुरुत्वाचा आकडा नोंदवावा. नमुन्याचा एक तुकडा भूशास्त्र विभाग असलेल्या महाविद्यालयाकडे द्यावा, दुसरा चिठ्ठीसह शाळेत ठेवावा. आणि वेरूळसारख्या संरक्षित जागी हातोडी नेऊ नये. खाणीच्या ढिगाऱ्यात, मालकाला विचारून, वेचण्यासारखे पुष्कळ असते.