रुमालातला कागद आणि छापलेला कागद

मराठेशाहीची अस्सल साधने मिळवण्याचे काम ज्या हिरिरीने झाले, त्या हिरिरीने ती वाचण्याचे शास्त्र मराठीत वाढले नाही. का. ना. साने आणि सहकाऱ्यांनी १८७८मध्ये ‘काव्येतिहाससंग्रह’ सुरू केला. वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धनी दप्तरातून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ काढला. वि. का. राजवाडे यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८चा, पुढे खंडांची संख्या बावीसवर गेली. १९१०मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले आणि १९३० ते १९३४ या काळात गो. स. सरदेसाई यांनी पेशवे दप्तरातून निवडलेल्या कागदांचे पंचेचाळीस भाग संपादित केले. पदरमोड, पायपीट आणि वाड्यावाड्यांतून केलेली आर्जवे यांतून उभा राहिलेला हा संग्रह थोर आहे, यात वाद नाही.

पण संग्राहकाची निवड हाही एक अन्वयार्थच असतो. राजवाड्यांच्या पिढीचे भांडण एकीकडे बखरींशी होते, दुसरीकडे जेम्स ग्रँट डफच्या १८२६च्या इंग्रजी इतिहासाशी. लढाई कधी झाली, कोण कोणाला काय म्हणाले, तह कोणत्या कलमांवर ठरला, हे त्यांना सिद्ध करायचे होते. म्हणून मुत्सद्द्यांची आणि सरदारांची पत्रे आधी छापली गेली. जमाखर्च, झडत्या, गावकीचे तंटे मागे राहिले. ना. गो. चापेकर यांनी ‘पेशवाईच्या सावलीत’ (१९३७) या पुस्तकात घरगुती हिशेबांच्या कागदांतून तेव्हाचे भाव, सणसमारंभ, चाकरमाणसे असे रोजचे जग उभे केले, तेव्हा या दुर्लक्षित कागदांत काय दडले होते ते दिसले. राजकीय इतिहासाच्या अभ्यासकांनी त्या पुस्तकाला द्यायला हवे होते तेवढे महत्त्व दिले नाही.

कागद हाती आल्यावर पहिली अडचण लिपीची. मोडीत शब्द सुटे लिहीत नाहीत, विरामचिन्हे नसतात, इकार-उकारांचा ऱ्हस्वदीर्घ भेद पाळलेला नसतो आणि कारकून नेहमीचे शब्द आखडून लिहितो. ओळ कुठे तोडायची हे वाचणाराच ठरवतो, म्हणजे अर्थ लावायला सुरुवात लिप्यंतरातच होते. देवनागरीत छापताना संपादकाने शब्द तोडले, स्वल्पविराम घातले, की त्याचा निर्णय वाचकाला मूळ मजकुरासारखा दिसू लागतो.

दुसरी अडचण कालाची. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे अरबी शब्दांत लिहिलेले शुहूर सन ११६१. हे साल मृग नक्षत्रापासून सुरू होते. तेव्हापासून डिसेंबरअखेरपर्यंत त्यात ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढे ६००. १४ जानेवारी १७६१ची पानिपतची लढाई या ११६१ सालातली. त्याच सालातले आषाढातले पत्र मात्र १७६०चे. त्यात आणखी मेख अशी की साल सौर आणि महिने मुसलमानी चांद्र. चांद्र वर्ष सुमारे अकरा दिवसांनी आखूड, त्यामुळे एकाच सालात एखाद्या महिन्याच्या काही तारखा दोनदा येतात. कित्येक पत्रांवर तर साल नसतेच, नुसता ‘छ’ (म्हणजे चंद्र, चांद्र तारखेची खूण) आणि महिना. छापील खंडांत कंसात दिलेले इसवी दिनांक हे संपादकाचे गणित असते. ते पत्रलेखकाचे विधान समजून त्यावर घटनाक्रम रचला की घोटाळा ठरलेला.

तिसरी गोष्ट मायन्याची. पत्राच्या आरंभी कोणाला कोणत्या शब्दांत संबोधले आहे यावरून दोघांचे दर्जे कळतात. पण ‘स्वकीय कुशल लिहीत जावे’ या ठराविक वाक्यातून जिव्हाळा काढणे म्हणजे शिक्क्यातून स्वभाव काढणे. पत्र पोहोचल्याची ‘पैवस्ती’ नोंद त्याहून बोलकी असते. बातमी निघाली कधी आणि पोहोचली कधी हे कळल्याखेरीज अमुक सरदाराने अमुक वेळी मदत का पाठवली नाही हा प्रश्नच विचारता येत नाही. पानिपतावरच्या लिखाणात हा प्रश्न शंभरदा विचारला गेला आहे, बहुधा पैवस्ती न पाहताच.

मराठीतला ‘ध चा मा’ हा वाक्प्रचार खाडाखोड केलेल्या अस्सल कागदाचाच आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणराव पेशव्याचा खून झाला. त्याला पकडण्याच्या हुकुमातल्या ‘धरावे’चे ‘मारावे’ आनंदीबाईने केले, असे सांगितले जाते. ही हकीकत ग्रँट डफच्या ग्रंथात आहे, म्हणजे खुनानंतर पन्नासहून अधिक वर्षांनी. ज्या कागदावर हे घडले म्हणतात, तो मात्र अभ्यासकांसमोर नाही. अक्षर पाहता येत नाही, शाई पाहता येत नाही, आणि तरी एका बाईवरचा आरोप भाषेत कायमचा रुजला.

एकोणिसाव्या शतकात शिरल्यावर अडचणी वेगळ्या होतात. विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ हे त्याचे सर्वांत चांगले उदाहरण. वरसईचे हे भिक्षुक दक्षिणेच्या आशेने १८५७मध्ये उत्तरेकडे निघाले आणि बंडात सापडले; झाशीचा वेढा आणि पाडाव त्यांनी शहरात राहून पाहिला. लिहिले मात्र सुमारे पंचवीस वर्षांनी, चिं. वि. वैद्य यांच्या सांगण्यावरून. वैद्यांनी १९०७मध्ये ते छापले तेव्हा भाषा बदलली, मजकुरातही फेरफार केला. इंग्रजी अमलात तसे करणे समजण्यासारखे आहे, पण त्यामुळे दोन पिढ्या वाचत राहिल्या ते पुस्तक गोडशांचे थोडे आणि वैद्यांचे थोडे असे होते. दत्तो वामन पोतदार यांनी मूळ मोडी प्रतीवरून संहिता काढली ती १९६६मध्ये.

मूळ संहिता मिळाली तरी तिची सगळी पाने एकाच वजनाची नाहीत. वाटेत भेटलेल्या शिपायांकडून ऐकलेली, सरकारने कलकत्त्याला राजेरजवाड्यांपुढे धर्मबुडवी कलमे ठेवल्याची हकीकत घटना म्हणून टिकत नाही. पण १८५७च्या उन्हाळ्यात शिपाई काय मानत होते, याचा तिच्याहून जिवंत पुरावा मराठीत नाही. खोटी बातमी हीसुद्धा खरी नोंद असते. साधनाला ‘विश्वसनीय’ किंवा ‘अविश्वसनीय’ असा एकच शिक्का मारण्याची मराठी सवय इथे उपयोगाची नाही.

गेल्या साठ-सत्तर वर्षांत वाचनाची दिशा बदलली ती वेगळे प्रश्न विचारणाऱ्यांमुळे. वि. त्र्यं. गुणे यांनी महजर आणि निवाडपत्रे यांतून न्यायव्यवस्था शोधली. अ. रा. कुलकर्णी गावगाड्याकडे वळले. हिरोशी फुकाझावा या जपानी अभ्यासकाने पेशवाईच्या कागदांतून जात आणि राज्यसत्ता यांचा संबंध तपासला. अलीकडे प्राची देशपांडे यांनी मोडी लिहिणारा कारकून आणि त्याची लेखनपद्धती हाच अभ्यासाचा विषय केला. साधारण माणसाचा शब्द या कागदांत येतो तो कारकुनाच्या बोरूतून गाळून, हे भान त्यातून आले.

आज मोडीचे वर्ग ठिकठिकाणी चालतात, कागदांची छायाचित्रे फोनवरून फिरतात. अक्षर लावता येणारे पुष्कळ झाले. पण रुमाल (म्हणजे कागदांचे कापडात बांधलेले गाठोडे) क्रमांक नसलेला, मागेपुढे कोणते कागद होते ते न सांगणारा एकटा फोटो म्हणजे बेवारशी कागद. छापलेले खंड वाचणाऱ्यानेही एक लक्षात ठेवावे: सरदेसायांचे पंचेचाळीस भाग ही निवड आहे, आणि निवडीबाहेर राहिलेले कागद पुण्याच्या पुरालेखागारात रुमालांत बांधलेले आहेत.