मंगल टंक आणि गोंडी अक्षर

संगणक-कलेचा इतिहास बहुधा १९६५पासून सांगतात. त्या वर्षी स्टुटगार्टला गेओर्ग नेस यांची, न्यूयॉर्कला मायकेल नोल यांची यंत्ररेखांकने प्रदर्शित झाली. कलावंताने चित्र काढले नव्हते. ते कसे निघावे याचे नियम लिहिले होते. हीच व्याख्या धरली, तर या कलेची एक कृती गडचिरोलीच्या कचेऱ्यांतही भेटते. तिचे नाव ‘मंगल’. विंडोजमधला हा देवनागरी टंक र. कृ. जोशी यांनी घडवला.

टंकाला कलाकृती म्हणणे अतिशयोक्ती वाटेल. पण ‘कि’ लिहून पाहा. संगणक आधी ‘क’ साठवतो, मग वेलांटी. दिसताना मात्र वेलांटी पुढे येते. क, हलन्त आणि ष एकत्र येताच ‘क्ष’ उमटतो. यातले काही नियम प्रणालीत असतात, काही टंकाच्या फाइलीत. कोणते जोडाक्षर कसे वळावे, हा निर्णय मात्र डोळ्याचा आणि हाताचा. जोशी सुलेखनकार होते, कवी होते. जाहिरातक्षेत्रानंतर १९८३पासून त्यांनी मुंबईच्या आयआयटीत अध्यापन केले. आधी लेखणी, मग संगणक, हा त्यांचा क्रम होता. मंगल कागदावर मला पसरट वाटतो. पण तो पडद्यासाठी घडवलेला आहे, आणि तिथे त्याचा मोकळेपणा वाचकाच्या उपयोगी पडतो.

माझा मुद्दा इथून पुढे आहे. गडचिरोलीत गोंडी बोलली जाते, पण लिहायची वेळ आली की बहुधा देवनागरीत. बालाघाटच्या मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी १९१८ साली गोंडीसाठी लिपी तयार केली. युनिकोडमध्ये तिला २०१७ साली स्थान मिळाले. चंद्रपूरला लागून असलेल्या आदिलाबादमधील गुंजाळा गावी सापडलेल्या हस्तलिखितांची लिपी २०१८ साली आली. संकेतांक मिळाले, टंकही आले. मात्र मसराम लिपीचा जो टंक मी पाहिला, त्यात रेघेची जाडी सर्वत्र सारखी आहे; लेखणीचा कल कुठे जाणवत नाही.

हा दोष तंत्राचा मानू नये. नियम लिहिण्याआधी अक्षर अनेक हातांतून जावे लागते. देवनागरीला ती शतके मिळाली. म्हणून गोंडी मुलांसाठी संगणकाचे वर्ग भरतील तेव्हा पहिले काही महिने त्यांच्या हाती बोरू आणि शाई असावी, असे मला वाटते. त्यांच्यातल्याच कुणीतरी उद्या ते नियम लिहायचे आहेत.